दूरच्या प्रवासाची मोटार आणि तिची परीक्षा

बैलबाजारात जाणारा जुना शेतकरी बैलाचे दात पाहत असे, खांदा चाचपत असे, आणि एवढ्यावर न थांबता, विकणाऱ्याची संमती असल्यास, बैलाला गाडीला जुंपून चालवून पाहत असे. गाडी रिकामी असली तर जाणता गिऱ्हाईक सोबतच्या दोघा-चौघांना वर बसावयास सांगे. ओझ्यावाचून बैलाची पारख होत नाही, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. आज त्याच घरातील नातू बैलजोडीच्या कितीतरी पट किमतीची, सात माणसांना घेऊन सहाशे किलोमीटर धावावयाची मोटार घेतो, तेव्हा तिची परीक्षा साधारणतः वीस मिनिटांत, रिकाम्या गाडीत आणि दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर उरकली जाते. यालाच हल्ली 'टेस्ट ड्राइव्ह' म्हणतात. या परीक्षेचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि तो ज्या प्रसंगापासून सुरू होतो तो प्रसंग म्हणजे एका कुटुंबाचा प्रवासच होय.

जर्मनीतील मॅनहाइम येथील कार्ल बेन्झ यांनी आपल्या तीन चाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी 1886 च्या जानेवारीत अर्ज केला. गाडी चालत होती. परंतु गावातल्या गावात, थोड्या अंतरापुरती. लोक पाहत, आश्चर्य करीत आणि घरी जात. विकत कोणी घेईना. कार्ल हे स्वभावाने अतिशय काळजीपूर्वक काम करणारे, आणखी थोडी सुधारणा झाल्यावर पाहू, असे म्हणणाऱ्यांपैकी होते. त्यांची पत्नी बेर्टा हिने या उद्योगात आपले स्त्रीधन घातले होते. तिला इतका धीर नव्हता. 1888 च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे, पती झोपेत असता, पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि त्याच्याहून धाकटा रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेऊन ती गाडीत बसली आणि शंभरांहून थोड्या अधिक किलोमीटरांवर असलेल्या फोर्झहाइम या आपल्या माहेरगावी निघाली.

वाटेत काय काय झाले ते पाहण्यासारखे आहे. इंधन संपत आले, तेव्हा वीसलोख गावातील औषधविक्रेत्याकडून तिने लिग्रॉइन विकत घेतले. कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी हे द्रव्य औषधांच्या दुकानांत मिळत असे. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. तारेवरचे आवरण झिजले, तिथे मोज्याचा बंद गुंडाळला. चढावर गाडी दमू लागली की मुले उतरून ढकलीत. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर तिने पतीला तार केली.

या प्रवासाचे वर्णन बहुधा साहसकथा म्हणून केले जाते. मला त्याचे महत्त्व निराळे वाटते. दोन वर्षे अंगणातल्या फेऱ्यांनी जे दाखविले नाही, ते एका दिवसाच्या प्रवासाने दाखविले: ब्रेकना अस्तर हवे, आणि चढासाठी आणखी एक खालचा गिअर हवा. या दोन्ही गोष्टी त्यानंतर बेन्झ यांच्या गाडीत आल्या. जी परीक्षा काहीतरी मोडते तीच काहीतरी शिकविते.

आता ज्या प्रकारच्या गाडीचा आपण विचार करीत आहोत तिच्याकडे वळू. अवजड वाहनाच्या सांगाड्यावर प्रवाशांची बंद पेटी बसवून आठ माणसांची सोय करण्याची कल्पना अमेरिकेत शेव्हरोले कंपनीने 1935 मध्ये 'सबर्बन' या नावाने बाजारात आणली. महायुद्धानंतर 1946 मध्ये विलिज कंपनीने जीपचीच संपूर्ण लोखंडी पेटीची 'स्टेशन वॅगन' काढली आणि 1949 मध्ये तिला चारही चाकांना शक्ती देण्याची सोय मिळाली. इंग्लंडात रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांनी अँगल्सी बेटावरील आपल्या शेतावर युद्धातली एक जुनी जीप वापरता वापरता लँड रोव्हरची कल्पना केली. ती गाडी 1948 च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. या सर्व गाड्या कणखर होत्या. पण त्यांत बसून दूरचा प्रवास करणे म्हणजे हाडे खिळखिळी करून घेणे होते. 1955 च्या सप्टेंबरात ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा तरुण दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि आपल्या देशातून व ब्रह्मदेशातून 1956 च्या मार्चमध्ये सिंगापूरला पोचले. गाड्या पोचल्या, माणसेही पोचली. मात्र अशा प्रवासाला वृद्ध आईला किंवा लहान मुलांना न्यावे, असे कोणी म्हणाले नसते.

शेतावरची ताकद आणि घरच्या मोटारीचे सुख ही दोन्ही एका गाडीत आणावयाची, हे काम रोव्हरच्या कारखान्यात पन्नासच्या दशकात एकदा हाती घेऊन सोडून देण्यात आले होते. साठच्या दशकाच्या मध्यास स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड या अभियंत्यांनी ते पुन्हा हाती घेतले. किंग हे विल्क्स बंधूंचे भाचे. त्यांचा मुख्य विचार असा की, खडबडीत रस्त्यावर गाडी चालते ती पाट्यांच्या ताठरपणामुळे नव्हे, तर चाक जमिनीला किती धरून राहते यामुळे. म्हणून त्यांनी पाटे काढून टाकले आणि चारही चाकांना लांब हेलकाव्याच्या मऊ स्प्रिंगा बसविल्या. जनरल मोटर्सने टाकून दिलेल्या ॲल्युमिनियमच्या आठ सिलिंडरांच्या एंजिनाचे हक्क रोव्हरने 1965 मध्ये घेतलेच होते. साडेतीन लिटरचे ते एंजिन या गाडीत आले. एवढी शक्ती एकाच आसावर टाकली तर तो आस टिकावयाचा नाही, म्हणून ती पुढच्या-मागच्या दोन्ही आसांना कायमची वाटून देण्यात आली. चारही चाकांना डिस्क ब्रेक आले.

मऊ स्प्रिंगांचा एक दोष उघड आहे, आणि कुटुंबाच्या गाडीच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मागे माणसे आणि सामान भरले की गाडीचे बूड खाली बसते, नाक वर उचलले जाते, पुढच्या चाकांवरचा भार कमी होऊन सुकाणू हलके पडते आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. रिकाम्या गाडीत यांपैकी काहीच दिसत नाही. किंग यांनी मागच्या आसावर भाराप्रमाणे आपोआप उंची सावरणारे एक यंत्र बसविले. ओझ्याचा विचार गाडी आखतानाच केला जावा, ही गोष्ट आज साधी वाटते. त्या काळी या वर्गाच्या गाड्यांत ती विरळ होती.

या गाडीची परीक्षा गुप्तपणे घ्यावयाची होती. म्हणून रोव्हरचे नाव झाकून तिच्या नाकाडावर 'व्हेलार' अशी अक्षरे लावण्यात आली. इटालियन भाषेत 'वेलारे' म्हणजे झाकणे. ज्याला भाषा येत होती त्याला गुपित नावातच सांगून टाकलेले होते! या बुरख्यातल्या गाड्या इंग्लंडच्या रस्त्यांवर आणि आफ्रिकेच्या वाळवंटात पळविण्यात आल्या, आणि 1970 च्या जून महिन्यात 'रेंज रोव्हर' या नावाने ती 1,998 पौंडांना विक्रीस आली. आतले अस्तर रबरी नळीने धुऊन काढता यावे असे साधे होते. तिच्या आजच्या वंशजांची आतली सजावट पाहून हे कोणाला खरे वाटणार नाही.

परंतु कारखान्याने घेतलेली परीक्षा कितीही कडक असली तरी ती कारखान्याचीच. खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. 1971 च्या डिसेंबरात मेजर जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश मोहिमेने दोन रेंज रोव्हर घेऊन अलास्कातील अँकरेजहून प्रस्थान ठेवले. जावयाचे होते दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत, म्हणजे सुमारे 29,000 किलोमीटर. वाटेत पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये डॅरिएनचे अरण्य आहे. उत्तर व दक्षिण अमेरिकेला जोडणारा महामार्ग तिथे तुटतो, आणि आजतागायत तो जोडला गेलेला नाही. दलदल, नद्या, निसरडे चढ आणि पाऊस. बर्फातून आणि डांबरी सडकांवरून आलेल्या गाड्या जानेवारी 1972 मध्ये या अरण्यात शिरल्या.

दलदलीसाठी गाड्यांना प्रचंड रुंद टायर चढविले होते, आणि मागे सामानही खच्चून भरले होते. थोड्याच अंतरावर मागच्या आसातील डिफरन्शियल फुटू लागले. डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा दंतचक्रांचा संच. मोठी चाके चिखलात अडकली आणि एंजिनाने जोर केला की तो सारा जोर या दातांवर येतो. गाड्या अरण्यात उभ्या राहिल्या. कारखान्याहून सुटे भाग आणि जाणकार येईपर्यंत वाट पाहावी लागली. दरम्यान मोहिमेने एक जुनी, हलकी लँड रोव्हर मिळविली आणि वाट काढण्यास तिला पुढे घातले. नव्या गाडीला म्हातारी वाट दाखवीत चालली, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा. नद्यांवरून गाड्या हवा भरलेल्या तराफ्यांवर घालून उतरविल्या, ओढ्यांवर ॲल्युमिनियमच्या शिड्या टाकल्या, चढांवर दोरांनी ओढल्या. सुमारे 400 किलोमीटरांना जवळजवळ शंभर दिवस लागले. दिवसाला चार किलोमीटर. एप्रिलच्या अखेरीस गाड्या बाहेर पडल्या आणि जूनमध्ये खंडाच्या दक्षिण टोकाला पोचल्या.

जाहिरातींनी पुढे या विजयाचे डिंडिम वाजविले, ते ठीकच आहे. मात्र या मोहिमेने सिद्ध काय केले? गाडी अजिंक्य आहे हे नव्हे. मोठे टायर आणि जादा ओझे एकत्र आले म्हणजे दुबळा सांधा कोणता, हे तिने सिद्ध केले. आणखी एक गोष्ट. ज्या स्पेन किंग यांनी ही गाडी घडविली, त्यांनी उतारवयात शहरातल्या गर्दीत आणि मुलांना शाळेत सोडण्यासाठी अशा गाड्या वापरणाऱ्यांवर कठोर टीका केली. ते 2010 मध्ये वारले.

आपल्याकडे या जातीची गाडी जीपच्या रूपाने आली. महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी 1947 पासून सुरू केली. पुढे पुष्कळ वर्षे दूरच्या प्रवासाला जीप म्हणजे सरकारी अधिकारी किंवा लग्नाचे वऱ्हाड. 1994 मध्ये पुण्याहून टाटांची 'सुमो' आली. या उद्योगाची उभारणी करणारे सुमंत मुळगावकर (1906–1989) यांच्या नावाच्या व आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव बनले आहे. मल्लांशी त्याचा संबंध नाही. 1998 मध्ये 'सफारी' आणि 2002 मध्ये नाशिकची 'स्कॉर्पिओ' यांनी घरगुती मोठ्या गाडीला प्रतिष्ठा दिली. परीक्षेच्या सोयीही वाढल्या. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन 1966 पासून आहे; आणि आम्हा इंदूरकरांच्या शेजारी, पीथमपूर येथे, 11.3 किलोमीटर लांबीचा अतिवेगाचा लंबवर्तुळाकार मार्ग 2021 च्या जूनमध्ये सुरू झाला. गाडी कोणत्या वेगाने पळू शकते ते तिथे कळते. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या माणसाचे गुडघे कुठे जातात, ते तिथे कळत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या भाच्याने सात माणसांची मोटार घेण्याचे ठरविले. दुकानातील तरुणाने आम्हा दोघांना जवळच्या एका चौकापर्यंत नेऊन आणले. गाडी लोण्यासारखी चालली. घरची माणसे आणि सामान घालून घाटात नेऊ का, असे मी विचारले, तेव्हा तो नुसता हसला. शेवटी तीच जातीची गाडी आम्ही दोन दिवसांसाठी भाड्याने घेतली, आणि सात जण, त्यांचे सामान व पाण्याचे कॅन असे साडेपाचशे किलो ओझे घालून सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट उतरून धुळ्यापर्यंत गेलो.

तिसरी रांग उघडल्यावर मागे दोन पिशव्यांपुरतीच जागा उरली. ट्रंक टपावर गेली. घाटात भाचा ब्रेकवर पाय ठेवून उतरू लागला, आणि चार वळणांतच जळका वास आला. मग दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. बेर्टाबाईंच्या चामड्याची मला तिथे आठवण झाली. अंधार पडल्यावर समोरचे ट्रकवाले दिवे मिचकावू लागले, तेव्हा दिव्यांचा झोत खाली करणारी एक लहानशी चकती चालकाच्या उजव्या हाताशी आहे, असे पुस्तिका वाचून समजले. दुकानातल्या तरुणाने तिचा उल्लेखही केला नव्हता. तिसऱ्या रांगेत बसलेल्या अक्काने, म्हणजे माझ्या वडील बहिणीने, धुळ्याला उतरताना दोघांचा आधार घेतला आणि एवढेच म्हटले, "गाडी चांगली आहे रे, पण ती पुढच्यांची."

भाच्याने तीच गाडी घेतली. पुण्याला जावयाचे असते तेव्हा तिच्यातून पाच जण निघतात. अक्का आदल्या रात्रीच्या रेल्वेने जाते, आणि सकाळी स्टेशनवरून रिक्षा करून आमच्या आधी घरी पोचलेली असते.