नंदुरबार : राखीव जंगल ते शहरातली सावली

'शहरात जंगल वाढवूया' असं आपण हल्ली सहज म्हणतो. पण नंदुरबारमध्ये हे म्हणायचं, तर 'जंगल' या शब्दाचा इथला इतिहास आधी बघावा लागतो.

1878 च्या वन कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित असे वर्ग पाडले. नंदुरबार तेव्हा खानदेशात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला 1998 मध्ये. सातपुड्यातले भिल्ल, पावरा लोक सरपण आणायचे, मोहाची फुलं वेचायचे, गुरं चारायचे. या रोजच्या कामांना आता परवानगी लागू लागली, नाहीतर तो गुन्हा. 1927 च्या कायद्याने तीच चौकट पुढे चालवली. 1970 च्या दशकात शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने जमिनीचा अन् मजुरीचा प्रश्न धसाला लावला. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याचं मान्य केलं आणि दाव्यांची सुरुवात ग्रामसभेपासून ठेवली.

आता शहराकडे येऊ. महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी वृक्ष कायद्याने वृक्ष प्राधिकरण आणलं, झाड तोडायला परवानगी लागू केली, वृक्षगणना सांगितली. म्हणजे झाडं मोजायची सोय झाली. सावली कोणाच्या दारात पडते, हे मात्र त्यात कुठेच मोजलं जात नाही. 2019 मध्ये राज्याने 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं, तेव्हाही बोलणं आकड्यांचंच होतं.

इथे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. सगळ्यात जास्त झळ बसते पत्र्याच्या घरांना, हातगाडीवाल्यांना, बांधकामावरच्या मजुरांना. पण दाट वस्तीत खड्डा खणायला जागा नसते, म्हणून रोपं जातात रुंद रस्त्यांच्या कॉलनीत, नाहीतर गावाबाहेरच्या 'मोकळ्या' जागेवर. ती मोकळी कोणाला दिसते? तिथे कोणाची तरी गुरं चरतात, कोणाची झोपडी असते. तिथे कुंपण घातलं, की 1878 चीच गोष्ट पुन्हा सुरू होते.

म्हणून ग्रामसभेचा धडा आपण वॉर्डात आणायला हवा. कडुनिंब लावायचा की करंज, कुठे लावायचा, हे तिथल्या लोकांना आधी विचारायचं. आणि पहिली दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार? जिथे नळालाच एक दिवसाआड पाणी, तिथे हे काम रहिवाशांच्या गळ्यात टाकता येणार नाही. तो खर्च नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आधीच लिहिलेला असला पाहिजे.