दप्तर आणि निर्णयाचा अधिकार
1818 साली पेशवाई संपली तेव्हा प्रदेशाबरोबर पेशव्यांचे दप्तरही इंग्रजांच्या हाती आले. त्याचे मोल इनाम कमिशनच्या कारकिर्दीत उघड झाले. 1852 च्या 11 व्या कायद्यान्वये इनामदारांच्या हक्कांची चौकशी झाली; पण घरची सनद ज्या दप्तराशी ताडावयाची ते सरकारच्याच ताब्यात, आणि निर्णयाविरुद्ध दिवाणी न्यायालयात दाद नाही. वादी व न्यायाधीश एकच! माहिती देशातच साठवली की सार्वभौमत्व साधले, हे मत म्हणूनच अपुरे ठरते. पुण्याचे दप्तर पुण्यातच होते. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या युरोपीय संघाच्या 2024 च्या कायद्याने अधिक जोखमीच्या यंत्रणांच्या आधारे झालेल्या काही निर्णयांचे स्पष्टीकरण मागण्याचा हक्क बाधित व्यक्तीस दिला. भारताच्या 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र केंद्र सरकारला विशिष्ट कारणांसाठी आपल्या यंत्रणा वगळता येतात.