ड्रोनने जगबुडीतल्या मगरी मोजता येतील का?

पावसाळ्यात जगबुडीला पूर आला की खेडमध्ये मगरींचे व्हिडिओ फिरायला लागतात. सोबत कोणीतरी आकडाही ठोकून देतं. मग प्रश्न येतो, ड्रोन उडवून एकदाच मोजून का टाकत नाहीत? ड्रोन उडवता येईल, पण त्यातून 'दिसलेल्या' मगरी कळतात, 'असलेल्या' नाही.

ही अडचण जुनीच आहे. अलास्कात मूस हे अवाढव्य हरिण छोट्या विमानातून मोजतात, तेही बर्फ पडल्यावर, कारण पांढऱ्यावर गडद प्राणी उठून दिसतो. सगळं जंगल कोणी मोजत नाही. नकाशाचे तुकडे पाडायचे, जास्त मूस आणि कमी मूस असे गट करायचे, प्रत्येक गटातले काही तुकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे. त्यातल्या थोड्या भागावर पुन्हा, जास्त वेळ घिरट्या घालायच्या. समजा आधी 8 दिसले होते, आता 10 दिसले, तर पहिल्या फेरीचा आकडा 1.25 ने गुणायचा. गॅसवे आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली.

जगबुडीत बर्फ नाही. थर्मल कॅमेऱ्याचाही फारसा उपयोग नाही, कारण मगर थंड रक्ताची आणि तिचं अंग आजूबाजूच्या दगड-पाण्याइतकंच गरम. त्यामुळे साधा कॅमेरा आणि हिवाळ्यातली सकाळ, जेव्हा मगरी ऊन खायला काठावर येतात.

फोटो दोघांनी वेगवेगळे तपासायचे. समजा एकाला 20 मगरी सापडल्या, दुसऱ्याला 15, त्यातल्या 12 सारख्याच. म्हणजे दोघांच्या मिळून 23. पण अंदाज 20 × 15 ÷ 12 = 25 येतो, म्हणजे साधारण 2 दोघांच्याही नजरेतून सुटल्या. कॅप्चर-रीकॅप्चर म्हणतात ते हेच.

पाण्याखालची मगर मात्र फोटोतच नसते. तिला एआय मॉडेलही शोधू शकत नाही! त्यासाठी वेगवेगळ्या दिवशी पुन्हा उड्डाणं करावी लागतात किंवा रात्री टॉर्च मारून चमकणारे डोळे मोजावे लागतात.

हे सगळं कशासाठी? कपडे धुण्याच्या कुठल्या घाटावर धोका जास्त, हे त्यावरून ठरवायचं असतं. मगर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, त्यामुळे सर्वेक्षण वनविभागाच्या परवानगीनेच. आणि दोन वर्षांची तुलना करायची तर वेळ, ड्रोनची उंची, ऊन सारखं हवं. नाहीतर 'मगरी वाढल्या'चा अर्थ एवढाच असू शकतो, की यंदा त्या सकाळी थंडी जास्त होती.