छंद स्नोमोबाइलचा : बर्फावर स्वार होण्यापूर्वी

कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील व्हॅलकूर या गावी १९३४ च्या हिवाळ्यात दोन वर्षांच्या एका बालकाला अपेंडिक्सचा विकार जडला. रस्ते बर्फाखाली गाडले गेल्याने त्याला शेरब्रूकच्या रुग्णालयात नेता आले नाही आणि ते दगावले. त्याचे वडील जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियर हे गॅरेज चालवणारे मेकॅनिक होते. बर्फावर धावणारे वाहन बनवण्याचे प्रयोग ते १९२२ पासून, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षापासून करीत होते. १९३७ मध्ये त्यांनी आपल्या पट्टा-यंत्रणेचे पेटंट मिळवले आणि सात आसनांची ‘बी-७’ ही गाडी बाजारात आणली. १९५९ मध्ये त्यांच्या कंपनीची ‘स्की-डू’ ही हलकी, खुली गाडी आली आणि गरजेपोटी जन्मलेले हे वाहन लवकरच छंदाचा विषय झाले. कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये, स्वीडन आणि फिनलंड येथे आज तो हिवाळ्यातील लोकप्रिय विरंगुळा आहे.

वाहनाची रचना

स्नोमोबाइलला चाके नसतात. पुढील दोन स्की हँडलच्या साहाय्याने वळतात, तर मागचा रुंद रबरी पट्टा फिरून गाडीला पुढे रेटतो. इंजिनाची शक्ती बेल्टद्वारे पोहोचत असल्याने आपल्याकडील बिनगिअरच्या स्कूटरप्रमाणे येथेही गिअर बदलावे लागत नाहीत. वेग उजव्या अंगठ्याने वाढवायचा, ब्रेक डाव्या हाताने दाबायचा. चालकाच्या जाकिटाला जोडलेली एक दोरी असते. तो खाली पडल्यास ती सुटते आणि इंजिन बंद पडते. ही दोरी न लावता गाडी कधीही सुरू करू नये.

आखलेल्या मार्गांसाठी आखूड पट्ट्याची, डोंगरातील भुसभुशीत बर्फासाठी लांब पट्ट्याची, तर दोघांच्या प्रवासासाठी ऐसपैस आसनाची गाडी मिळते. नवशिक्याने खरेदीची घाई न करता कमी शक्तीची गाडी भाड्याने घेऊन जाणकार मार्गदर्शकासोबत एक-दोन फेऱ्या कराव्यात.

मार्ग आणि नियम

क्युबेकमध्ये सुमारे ३३ हजार किलोमीटरचे आखीव मार्ग आहेत. स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक त्यांची निगा राखतात. त्यासाठी प्रवेशपत्र घ्यावे लागते. चालकाचे वय किमान १६ वर्षे असावे लागते, हेल्मेट सक्तीचे आहे आणि वेगाची सर्वसाधारण मर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे. अन्य प्रांतांत व देशांत नियम वेगळे असल्याने ते आधी पाहून घ्यावेत.

थंडीचा हिशेब

तापमान उणे २० अंश असताना ताशी ५० किलोमीटरचा वारा अंगावर आला, तर उघड्या त्वचेला ते उणे ३५ अंशांसारखे जाणवते. म्हणून कपड्यांचे तीन थर हवेत : आत घाम बाहेर टाकणारा, मध्ये ऊब धरणारा आणि वर वारा अडवणारा. सुती कपडे घामाने ओले राहतात व शरीर गारठवतात, म्हणून ते टाळावेत.

खरा धोका

गाडी चालवणे एका दिवसात जमते; बर्फ ओळखायला मात्र काही हिवाळे जावे लागतात. गोठलेल्या तळ्यावर गाडी नेण्यासाठी बर्फाची जाडी किमान २५ सेंटिमीटर असावी, असे कॅनडात सांगितले जाते. स्वच्छ, निळसर बर्फ मजबूत असतो. पांढरा, दुधाळ बर्फ त्यापेक्षा कमकुवत. शिवाय एकाच तळ्यावर जाडी सर्वत्र सारखी नसते. जेथे ओढा येऊन मिळतो किंवा पाणी वाहते, तेथे थर पातळ असतो. डोंगरात हिमकड्यांचे भय असते. तेथे प्रत्येकाकडे शोधयंत्र, लांब सळई आणि फावडे हवे. धोक्याचा उतार एका वेळी एकानेच ओलांडावा आणि इतरांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर लक्ष ठेवावे. गाडला गेलेला माणूस वाचवण्यासाठी मोजकीच मिनिटे हाती असतात. बाहेरची मदत येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

मद्यपान करून गाडी चालवू नये आणि एकट्याने जाऊ नये. दोनशे किलोंहून जड गाडी खोल बर्फात रुतली, तर ती एकट्याला उपसून काढणे कठीण जाते. जंगलात मोबाइलचे सिग्नल मिळतीलच असे नाही. म्हणून कोणत्या मार्गाने जाणार व केव्हा परतणार, हे घरी सांगून निघावे.

आपल्याकडे गुलमर्गला हिवाळ्यात पर्यटकांना स्नोमोबाइलची फेरी मिळते. या वाहनाची पहिली ओळख तेथे होऊ शकते. छंद म्हणून ते शिकायचे असेल, तर टोरांटो वा मिनियापोलिसला आप्तांकडे गेल्यावर रीतसर प्रशिक्षण घ्यावे. तळ्याच्या काठावर बर्फाविषयी शंका आली, तर लांबचा का होईना, जमिनीवरचा रस्ता धरावा. सोबतचे थट्टा करतील या भीडेपोटी पुढे जाऊ नये.