चौकोनी गळा आणि जेट विमान
आम्ही नगर जिल्ह्यातल्या बचत गटाच्या बायका. ब्लाउजचा चौकोनी गळा आधी कोपऱ्यात फाटतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. विमानाचंही तेच झालं.

जगातलं पहिलं प्रवासी जेट, ब्रिटिश ‘कॉमेट’, 1952 साली सुरू झालं. 1954 मध्ये दोन कॉमेट आकाशातच फुटली; 56 जीव गेले. मग एक कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हापुन्हा दाब दिला. पत्रा चिरला तो चौकोनी झरोक्याच्या कोपऱ्याजवळ! दर उड्डाणाला फुगून-आकसून धातू थकला होता.

पुढच्या कॉमेटच्या खिडक्या गोल केल्या, पत्रा जाड केला. 1960 मध्ये एअर इंडियाचं बोइंग 707 मुंबईत आलं, त्याच्याही खिडक्यांचे कोपरे गोलाईचेच.

आपल्या मालात खोट निघाली, तर झाकू नका, मूळ शोधा.