बोगद्याच्या तोंडाशीं

रेल्वेचा काळ सुरू होण्यापूर्वीं इंग्लंडांतील जड मालाची मोठी ने-आण कालव्यांवरून होत असे. या कालव्यांवर चालणारी नाव आपल्याकडील पडाव-मचव्यांहून अगदीं निराळी. लांबी ७० ते ७२ फूट, पण रुंदी अवघी ७ फूट. तिचें नांवच मुळीं नॅरोबोट, म्हणजे चिंचोळी नाव. हें माप कोणा सुताराच्या लहरीनें ठरलेलें नव्हतें. कालव्याला चढ-उतार आला कीं नावा वर-खालीं घेण्यासाठीं दारांचे हौद बांधावे लागतात. त्यांना लॉक म्हणतात. जेम्स ब्रिंडली या अभियंत्यानें आपल्या कालव्यांवरील लॉक जेवढे बांधले, तेवढ्यांत मावेल अशीच नाव पुढें जाऊं शके. म्हणून नाव तशी झाली. कांठच्या वाटेनें एक घोडा चाले, त्याच्यामागें लांब दोर, आणि दोराच्या शेवटीं सुमारें २५ टन माल भरलेली नाव. पाठीवर ओझें वाहणाऱ्या घोड्याला याच्या शतांशही माल नेववत नसे. सपाट मुलखांत हा हिशेब नीट चाले. डोंगर आडवा आला कीं तो बिघडे.

स्टॅफर्डशायरमधील चिनी मातीच्या आणि इतर भांड्यांचा प्रसिद्ध कारखानदार जोसाया वेजवुड याचा माल पूर्वीं खांचखळग्यांच्या रस्त्यानें जाई, आणि त्यांतला कांहीं वाटेंतच फुटे. त्याला पाण्याची वाट हवी होती. ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्या जोडणाऱ्या कालव्याची पहिली कुदळ त्यानेंच १७६६ सालीं मारली. या कालव्याच्या वाटेवर हेअरकॅसलची टेकडी उभी होती. ब्रिंडलीनें तिच्या पोटांतून २,८८० यार्ड लांबीचा बोगदा आंखला. तें काम ११ वर्षें चाललें. ब्रिंडली १७७२ मध्येंच वारला. १७७७ मध्यें पुरा झालेला कालवा पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

टेकडीच्या माथ्यावरून उभ्या विहिरी खणावयाच्या, त्यांच्या तळाशीं मजूर उतरवून दोन्ही दिशांनीं खणीत जावयाचें, सुरुंगाच्या दारूनें खडक फोडावयाचा, दगडमाती वर ओढून काढावयाची, आणि झऱ्यांचें पाणी पंपांनीं उपशीत राहावयाचें, अशी त्या वेळची रीत होती. अशा कामांत रुंदीचा एकेक फूट वाढविणें म्हणजे महिने आणि पैसा. म्हणून बोगदा नावेपुरताच ठेवण्यांत आला. घोड्याच्या वाटेसाठीं जागा सोडली गेली नाहीं. भागधारकांचा खर्च वांचला. परंतु तो नाहींसा झाला नव्हता. पुढें शंभरांहून अधिक वर्षें नावाडी तो आपल्या पायांनीं फेडीत राहिले.

नाव बोगद्याच्या तोंडाशीं आली कीं पहिलें काम घोडा सोडण्याचें. ओढीचा दोर काढून त्याचें वेटोळें नीट रचून ठेवावें लागे, कारण पाण्यांत लोंबणारा दोर आंत कशांत अडकला तर काळोखांत तो सोडविणें महाकठीण. घोड्याला घेऊन नावाड्याची बायको किंवा मुलगा टेकडीवरच्या पायवाटेनें पलीकडे जाई. नावेवरच राहणारें तें कुटुंब असें कांहीं घटकांपुरतें दुभंगे: निम्में डोंगरावरच्या उजेडांत, निम्में डोंगराच्या पोटांत. मग दोर बांधण्याचा खांब उतरवावयाचा. कोठडीच्या छपरावरचें धुराडें काढून खालीं ठेवावयाचें, कारण बोगद्याचें छत कोठें किती खालीं येईल याचा नेम नसे. छपरावर ठेवलेली पिण्याच्या पाण्याची रंगीत झारी, बादली, काठी हें सारें खालीं घ्यावयाचें. माल एका अंगाला कललेला असेल तर तो सारखा करावयाचा. किंचित् झुकलेली नाव मोकळ्या कालव्यांत चालून जाते, बोगद्यांत ती भिंतीला घांसते. पुढच्या टोकाला कंदील लावावयाचा. आणि सर्वांत शेवटीं पंख बसवावयाचे.

पंख म्हणजे नावेच्या पुढच्या भागावर आडव्या टाकलेल्या, दोन्ही बाजूंना थोड्या बाहेर येणाऱ्या फळ्या. दोन माणसें त्यांवर उताणीं पडत आणि आपापल्या बाजूच्या भिंतीला पाय लावून आडव्यानें चालल्यासारखीं पावलें टाकीत. भिंत जागच्या जागीं राही आणि नाव पुढें सरके. बोगदा अगदींच अरुंद असेल तेथें फळ्यांचीही गरज नसे. नावेवर निजूनच पाय भिंतीला पोंचत. या कामाला लेगिंग आणि तें करणाऱ्यांना लेगर म्हणत. श्रोत्यांनीं क्षणभर कल्पना करावी: वरून गार पाणी ठिबकत आहे, कंदिलाचा उजेड चार हातांपलीकडे जात नाहीं, पाठीखालीं फळी, आणि दोन-तीन तास पाय थांबवावयाचे नाहींत. फळी निसटली किंवा पाय घसरला तर माणूस नाव आणि भिंत यांच्या मधल्या पाण्यांत पडे. मागून भरलेली नाव येतच असे, आणि ती एकदम थांबविण्याचें साधन कोणापाशीं नसे. असे मृत्यु झालेले आहेत. म्हणून फळी पक्की बसली आहे कीं नाहीं हें हातानें हलवून पाहणें ही केवळ रीत नव्हती. त्यावर प्राण टांगलेले होते.

या कष्टांची परिसीमा पाहावयाची तर पेनाइन डोंगरांतील स्टॅनेजच्या बोगद्याकडे वळलें पाहिजे. हडर्सफील्डच्या कालव्याला पार्लमेंटची मंजुरी १७९४ मध्यें मिळाली आणि त्याच वर्षीं बोगद्याचें काम सुरू झालें. अभियंता होता बेंजामिन औट्राम. महाराष्ट्राला हें आडनांव अपरिचित नाहीं. खानदेशांत भिल्ल पलटण उभारणारा आणि ज्याच्या नांवानें चाळीसगांव-कन्नड मार्गावरील औट्राम घाट ओळखला जातो, तो जेम्स औट्राम याच बेंजामिनचा मुलगा. बाप १८०५ मध्यें वारला तेव्हां मुलगा दोन वर्षांचा होता आणि बोगदा अपुराच होता. १८०७ मध्यें टॉमस टेलफर्ड या नामांकित अभियंत्याचा सल्ला घेण्यांत आला, आणि १८११ मध्यें बोगदा वाहतुकीला खुला झाला. लांबी तीन मैलांहून अधिक, म्हणजे सुमारें दीड कोस. डोक्यावर कांहीं ठिकाणीं सहाशें फुटांहून जास्त डोंगर. ब्रिटनमधील कालव्यांच्या बोगद्यांत हा सर्वांत लांब, सर्वांत खोल आणि समुद्रसपाटीपासून सर्वांत उंचावरचा.

येथेंही घोड्याची वाट नव्हती. रिकामी नाव पार न्यावयास लेगरांना एक तास वीस मिनिटें लागत, भरलेली न्यावयास तीन तास. मजुरी होती दीड शिलिंग. १९२७ मध्यें ठरलेल्या रुपयाच्या सरकारी भावानें मोजली तर नेमका एक रुपया. नावा एकमेकींना ओलांडून जाव्यात म्हणून मधूनमधून बोगदा रुंद केलेला होता. पण समोरासमोर आलेल्या नावाड्यांपैकीं मागें कोणीं सरावें, हें ठरेना. तीन तासांची मजल अर्धी झाल्यावर माघार घेण्यास कोण राजी होणार? शेवटीं कंपनीनें वेळा बांधून दिल्या: एका वेळीं एकाच दिशेनें वाहतूक, आणि तोंवर दुसऱ्या तोंडाशीं आडवी सांखळी. तेव्हांपासून आपली पाळी कोणती, हें विचारून घेणें हाही तयारीचा एक भाग झाला.

वाफेचें यंत्र आलें तेव्हां लेगरांची सुटका झाली असें वाटलें. पण त्याबरोबर नवें संकट आलें. नॉर्दॅम्प्टनशायरमधील ब्लिसवर्थचा बोगदा ३,०७६ यार्ड लांबीचा आहे. १८६१ च्या सप्टेंबरांत वाफेवर चालणाऱ्या एका नावेच्या धुरानें तेथें दोन माणसें गुदमरून मेलीं. त्यानंतर हवेसाठीं विहिरी वाढविण्यांत आल्या, आणि १८७१ पासून नावा ओढण्यासाठीं वाफेची नाव नेमानें धांवूं लागल्यावर तेथील लेगिंग बंद पडलें. माणसाच्या पायांना जो धोका नव्हता तो यंत्रानें आणला, आणि तयारीच्या यादींत हवेची भर पडली.

हेअरकॅसल येथें टेलफर्डनें जुन्या बोगद्याशेजारीं दुसरा बोगदा १८२४ ते १८२७ या अवघ्या तीन वर्षांत पुरा केला आणि त्यांत घोड्याची वाटही ठेवली. पन्नास वर्षांपूर्वीं जी गोष्ट परवडत नव्हती ती आतां परवडूं लागली होती. पुढें जुना बोगदा खचूं लागून १९१४ च्या सुमारास वापरांतून गेला, आणि त्याच वर्षीं नव्या बोगद्यांत विजेची नाव आली. पाण्याच्या तळाशीं टाकलेला दोर धरून ती स्वतःला पुढें ओढी आणि मागें नावांची माळ घेऊन जाई. ती १९५४ पर्यंत चालली. मग डिझेलच्या नावा स्वतःच्या बळावर जाऊं लागल्या, तेव्हां दक्षिणेकडील तोंडाशीं दार आणि मोठे पंखे बसविण्यांत आले. दार लावून पंखे सुरू केले कीं आंतला धूर ओढला जातो.

स्टॅनेजचें नशीब मात्र फिरलें. त्याच डोंगरांतून १८४८ मध्यें रेल्वेचा बोगदा निघाला, आणि तो खणतांना निघालेली दगडमाती कालव्याच्याच बोगद्यांतून नावांनीं बाहेर काढली गेली. ज्यानें आपला प्रतिस्पर्धी उभा करण्यास हात दिला, तो कालवा हळूहळू ओस पडला आणि १९४४ मध्यें कायद्यानें सोडून देण्यांत आला. १९७४ मध्यें कांहीं हौशी माणसांनीं मंडळ स्थापून तो पुन्हां सुरू करण्याचा ध्यास घेतला. त्यांच्या आणि सरकारी संस्थांच्या खटपटीनें २००१ मध्यें बोगद्यांतून नावा पुन्हां जाऊं लागल्या.

आज या बोगद्यांतून जातात त्या बहुधा सहलीच्या नावा. तरीही तोंडाशीं थांबून करावयाची तयारी पाहिली तर ती ओळखीची वाटते. हेअरकॅसलच्या तोंडाशीं उंचीचें माप टांगलेलें आहे. त्याला नाव लागली तर ती आंतही लागणार. छपरावरील सामान आणि धुराडें खालीं उतरवावें लागतें. पुढचा दिवा लागतो कीं नाहीं, भोंगा वाजतो कीं नाहीं, हें बोगद्याचा रखवालदार पाहतो. शेगडी आणि गॅस बंद करावा लागतो. एका वेळीं एकाच दिशेनें नावा सोडतात. स्टॅनेज येथें नावेचें माप आधीं घेतात, आणि वाट माहीत असलेला एक माणूस नावेवर बरोबर देतात. लेगरांना लागणाऱ्या तीन तासांऐवजीं हेअरकॅसलला आतां सुमारें चाळीस मिनिटें पुरतात.

सहलीला आलेल्या कुटुंबाला हे नियम कधीं कधीं जाचक वाटत असतील. परंतु यांतील एकही नियम कचेरींत बसून सुचलेला नाहीं. धुराडें उतरविण्याच्या नियमामागें उंचसखल छत आहे, पाळीच्या नियमामागें काळोखांत अडून राहिलेल्या नावा आहेत, आणि पंख्याच्या आवाजामागें १८६१ सालीं गुदमरलेलीं दोन माणसें आहेत. रुंदीचे जे चार फूट खणले गेले नाहींत, त्यांची भरपाई आधीं पायांनीं झाली, मग नियमांनीं. रखवालदार दिवा लावून दाखवा म्हणतो, भोंगा वाजवून दाखवा म्हणतो, आणि मगच हात वर करून नाव आंत सोडतो.