अवतरणचिन्हांची कुळकथा

पावसाळी मासेमारीबंदीत, १ जून ते ३१ जुलै, खारदांड्याला होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात. एरवी लाटांवर हलणारे त्यांचे नोंदणी क्रमांक तेव्हा निवांत वाचता येतात. आधी आयएनडी, मग एमएच, एक आकडा, मग एमएम, शेवटी होडीचा स्वतःचा क्रमांक. देश, राज्य, यांत्रिक नौका, सगळं एका ओळीत. मधल्या आडव्या रेघा पुसल्या, तर डोळा कुठे थांबेल?

ओळ अशी तोडून प्रत्येक तुकड्याची जात ओळखायची, यालाच शाळेत बाई ‘व्याकरण चालवा’ म्हणायच्या. हे नाम, हे क्रियापद, ही षष्ठी. पुस्तकातला शब्द पदपरिस्फोट. इंग्रजीतला ‘पार्स’ही व्याकरणाच्याच वर्गातला: लॅटिनमध्ये ‘पार्स’ म्हणजे भाग. संगणकवाल्यांनी तो तिथूनच उचलला.

वेबवर आज ठिकठिकाणी पार्स होतो तो जेसन, म्हणजे माहिती मजकुराच्या रूपात पाठवण्याचा एक साचा. डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार यांनी एप्रिल २००१ मध्ये त्यातला पहिला निरोप पाठवला, आणि तो फसला. निरोपातल्या एका नावाच्या जागी ‘डू’ हा शब्द होता. जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेत तो राखीव, त्यामुळे तिथे नाव म्हणून चालेना. राखीव शब्दांची यादी कोण पाठ करत बसणार? त्यांनी सरसकट नियमच केला: प्रत्येक नाव दुहेरी अवतरणचिन्हांत. नवशिक्याला जाचक वाटणारी ती चिन्हं अशी एका अडखळण्यातून आली. मला ती फार आवडतात, कारण त्यांनी वाचणाऱ्याचं काम कायमचं सोपं केलं.

वाचण्याची पद्धत मात्र पुढची काही वर्षं धोक्याचीच होती. आलेली ओळ बरेच जण जावास्क्रिप्टच्या ‘इव्हॅल’ या आज्ञेकडे सोपवत, आणि इव्हॅल ती चालवून टाकी. बाजाराची यादी वाचायला दिली आणि तिच्यात कुणी ‘तिजोरी उघड’ लिहिलं, तर वाचणाऱ्याने तिजोरीही उघडावी, तसं. डिसेंबर २००९ मध्ये ईसीएमएस्क्रिप्टच्या, म्हणजे जावास्क्रिप्टच्या प्रमाणकाच्या, पाचव्या आवृत्तीत ‘जेसन.पार्स’ भाषेतच आलं. ते फक्त वाचतं, हुकूम पाळत नाही. यादीच्या शेवटी एक स्वल्पविराम जास्त पडला तरी अडून बसतं, आणि ते योग्यच आहे. अंदाजाने वाचलेली ओळ चुकीची निघाली, तर चूक फार पुढे जाऊन सापडते.

चिन्हांचं दुसरं काम मूल्य वाचताना कळतं. समजा, दांड्याच्या भरतीची उंची आली “४.२”, अवतरणचिन्हांसकट. पार्सच्या लेखी तो आकडा नव्हे, अक्षरं. त्यात ०.३ मिळवायला गेलात, तर जावास्क्रिप्ट बेरीज करत नाही, जोडून ठेवते: ४.२०.३. असला मीटर कुठल्या समुद्राला नाही! पाठवणाऱ्याने ती दोन चिन्हं काढली, किंवा वाचणाऱ्याने आधी आकड्यात रूपांतर केलं, की उत्तर येतं ४.५.